'हॅड' जरा जपून

सप्रेम आशीर्वाद.

परीक्षेच्या सरावासाठी तू इंग्रजीत लिहिलेली गोष्ट आणि निबंध वाचला. निबंधात फारसं बिघडलेलं नाही, त्यामुळे तो राहू दे.

गोष्टीत पानभर 'हॅड' पेरलेत. 'आय हॅड गॉन टू द मार्केट. आय हॅड बॉट व्हेजिटेबल्स.' आपण 'काल बाजारात गेलो होतो' असं सहज म्हणतो, तेच इथे उतरलंय. इंग्रजीत नुसतं 'वेंट' पुरतं. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी एक आधीच उरकली असेल, तर तिच्यासाठी 'हॅड' राखून ठेव. 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.' म्हणजे तू पोचायच्या आधीच एसटी गेली होती. तिथे 'द बस लेफ्ट' लिहिलंस, तर तू पोचताक्षणी ती तुझ्या डोळ्यांदेखत सुटली! प्रसंगच वेगळा.

'अ' आणि 'द' आपल्याकडे नाहीत, म्हणून गळतात. पिशवी गोष्टीत पहिल्यांदा आली की 'अ बॅग'; वाचकाला ती ठाऊक झाली की 'द बॅग'. 'अ' की 'अ‍ॅन' हे स्पेलिंगवरून नाही, उच्चारावरून ठरतं: 'अ‍ॅन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'.

'कमेन्स्ड', 'परचेस्ड' हे मोबाइलमधून उचललेले शब्द काढून टाक. 'बिगॅन', 'बॉट' लिहिण्यात काही कमीपणा नाही. मात्र 'वेंट व्हेरी फास्ट'ऐवजी 'रॅन' लिही. क्रियापद नेमकं सापडलं की 'व्हेरी' बहुतेक वेळा लागतच नाही.

आता विषय. गरीब शेतकरी, सापडलेलं पाकीट, शेवटी बक्षीस: तपासणाऱ्याने त्याच दिवशी ही गोष्ट कितीदा तरी वाचलेली असते. (मीही तपासल्यात, जांभया देत.) परीक्षेत मुद्दे दिले असतील तर ते सगळे घे आणि शीर्षक विसरू नकोस. पण माणसं तुझ्या ओळखीची असू देत. तुझा रोजचा प्रवास एसटीचा. कंडक्टर डबल बेल देतो, गाडी हलते, आणि मागून कुणीतरी हात करत धावत येतंय. 'द कंडक्टर रँग द बेल ट्वाइस.' एवढ्या साध्या वाक्यावर गोष्ट उभी राहते. आधी मराठीत लिहून मग त्याचं इंग्रजी करत बसू नकोस. पहिलं वाक्यच इंग्रजीत मांड, मोडकंतोडकं का असेना.

धावणारं माणूस कोण, गाडी थांबते की नाही, हे तू ठरव. एक पान पुरे. रविवारपर्यंत पाठव.

तुझे,
सर