वाचकांचे प्रश्न : रबरबँडवर पळणारं इंजिन

प्रश्न : सर नमस्कार, बाबा 1960 च्या दशकात शिकायला अमेरिकेत होते, तेव्हा आणलेलं मॉडेल रेल्वेचं, ॲथर्न कंपनीचं एचओ स्केलचं (खऱ्याच्या 1/87 मापाचं) डिझेल इंजिन परवा माळ्यावर सापडलं. उघडलं तर आत गिअरच नाही, मोटरच्या दांड्यावर नुसता काळा चिकट लगदा! ऑफिसातली रबरबँडं लावून बघितली तर गाडी सुसाट सुटली आणि पहिल्याच वळणावर पडली. गिअर बसवून घेऊ का? बाबांचा जुना ट्रान्सफॉर्मर चालेल का?
- एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आधी ट्रान्सफॉर्मरचं, तो प्लगला लावूच नका! तिकडचा म्हणजे 120 व्होल्टचा, आपल्याकडे 230, जळणारच. गाडीला 12 व्होल्ट डीसी लागतं, पुण्याच्या तपकीर गल्लीत कमीजास्त करता येणारा सप्लाय मिळेल तो घ्या.

आता इंजिन. काही हरवलेलं नाहीये, ते असंच बनवलंय. ॲथर्नने 1957 च्या सुमारास हे ड्राइव्ह काढलं, हाय-एफ नावाचं, मोटरचा दांडा दोन्ही बाजूंनी लांब काढलेला आणि त्याच्यावरून खाली ॲक्सलच्या जाड भागापर्यंत रबरं ताणलेली, बस एवढंच. स्वस्त पडायचं. पण वर्म गिअर (स्क्रूसारख्या पेचाने दातांचं चाक फिरवणारा) असला की चाकाच्या एका फेरीला मोटर कितीतरी फेऱ्या मारते, इथे मोटरच्या थोड्याच फेऱ्यांत चाक फिरतं, म्हणून तुमची गाडी पळाली, त्यात तुमची चूक नाही. शिवाय सुरू होताना रबर आधी ताणलं जातं आणि मग गाडी एकदम उसळते.

दांडा इंजिनाच्या लांबीत आणि ॲक्सल त्याला काटकोनात, त्यामुळे प्रत्येक रबराला पाव पीळ पडतो आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पीळ सगळीकडे एकाच बाजूला हवा, एक जरी उलटा पडला तर ते ॲक्सल मागे ओढतं, बाकीची पुढे, आणि गाडी जागच्या जागी थरथरते. मी स्वतः एकदा अख्खी दुपार मोटर खराब समजून बसलो होतो आणि होतं काय, तर इंजिनाच्या मागच्या चाकांच्या संचातलं एक रबर उलटं!

जुन्या रबराचा लगदा नखाने खरवडू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन दांडा फिरवत फिरवत पुसा. ऑफिसचं रबरबँड आपल्या उन्हाळ्यात फार टिकत नाही, बोहरी आळीत बारीक ओ-रिंग मिळतात, दोन-तीन मापं आणून बघा, पण घट्ट नको, नाहीतर मोटर तापते. आणि तेल फक्त बेअरिंगला, सुईच्या टोकावर मावेल एवढंच, रबराला तेल लागलं की ते फुगून सुटतं.

गिअर बसवू नका असं मी अगदी मनापासून सांगतो. हळू धावणारी इंजिनं आज हवी तेवढी मिळतात, बाबांनी हाताळलेलं हे एकच आहे. वळणं मोठी ठेवा, मागे चार-पाच डबे जोडा, आपोआप शांत होतं.

प्रश्न : ट्राय-अँग या ब्रिटिश मॉडेल रेल्वे कंपनीच्या जुन्या एक्स-04 मोटरचे कार्बन (ब्रश) बदलले, तेव्हापासून सप्लाय चालू केला की लगेच शॉर्ट दाखवतो.
- एक वाचक, चिंचवड

उत्तर : कार्बन दाबणारी स्प्रिंग काढून बघा. दोन्ही कार्बनना एकच स्प्रिंग असते, म्हणून तिच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते, ती बहुतेक उघडताना पडली. वायरचं प्लास्टिक सोलून तेवढा तुकडा चढवा. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) मात्र उगाच बाहेर काढू नका, त्या काळच्या मॅग्नेटची ताकद त्याने कमी होते आणि मग मोटर करंट जास्त खाते, तापते, ओढत मात्र नाही. आणि वर्मवालं इंजिन रुळावर हाताने ढकलू नका, चाकाकडून वर्म फिरत नाही, दात तेवढे झिजतात.