चाचेगिरी की सागरी दरोडा?

जहाज लुटल्याच्या बातमीत कुणी ‘चाचेगिरी’ लिहितं, कुणी ‘सागरी दरोडा’, कुणी ‘जलदस्युता’. बरोबर शब्द कोणता, असा रत्नागिरीच्या वाचकाचा प्रश्न आहे.

‘जलदस्युता’ हिंदी कायद्याच्या भाषेतून आलाय. मराठीत चाचे आहेत, शेजारी गुजरातीत चांचिया आहे. त्यामुळे त्याची गरज नाही. पहिले दोन मात्र एकमेकांच्या जागी वापरू नयेत, कारण गुन्हेगाराला कुणी पकडायचं ते त्यावर ठरतं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायदा करारातलं १०१वं कलम चाचेगिरीची व्याख्या करतं. घटना कुठल्याही देशाच्या प्रादेशिक समुद्राबाहेर, म्हणजे १२ सागरी मैलांपलीकडे (साधारण २२ किलोमीटर) घडलेली हवी, त्यात दोन जहाजं हवीत आणि हेतू खासगी हवा. जयगडसमोर आठ मैलांवर बोट लुटली तर तो सागरी दरोडा, तपास आपल्या पोलिसांचा. तीच लूट तीस मैलांवर झाली तर चाचेगिरी, आणि १०५व्या कलमानुसार कुठल्याही देशाची युद्धनौका त्या चाच्यांना धरू शकते. हे मैल धक्क्यापासून नव्हे, सरकारने ठरवलेल्या आधाररेषेपासून मोजतात. खाडीच्या तोंडाशी ही रेषा बरीच बाहेर असू शकते, म्हणून बातमीदाराने अंतर अंदाजाने न लिहिता अक्षांश-रेखांश विचारावेत.

खलाशांनीच तांडेलाला बांधून बोट पळवली तर दुसरं जहाज नाही, म्हणून ती चाचेगिरी नव्हे. आणि कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी चाचा म्हटलं तरी आपण म्हणू नये. ते मराठा आरमाराचे सरखेल होते, दस्तक (प्रवासाचा परवाना) देऊन व्यापारी जहाजांकडून कर घेत. यात खासगी हेतू कुठे?

समोरासमोर किनारे असलेल्या देशांची अडचण १२ मैलांच्या आतच सुरू होते. इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यामधली मलाक्काची सामुद्रधुनी अनेक ठिकाणी २४ मैलांहून अरुंद आहे, तिथे खुला समुद्र उरतच नाही. तिथली लूट म्हणजे सागरी दरोडा, आणि लुटारू शेजाऱ्याच्या हद्दीत शिरला की पाठलाग तिथेच थांबवावा लागतो. म्हणून इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांनी २००४मध्ये समन्वयाने गस्त सुरू केली: प्रत्येकाने आपल्या पाण्यात राहायचं आणि पुढच्याला वर्दी द्यायची. त्याच वर्षी ठरलेला, २००६पासून लागू झालेला ‘रिकॅप’ हा आशियातल्या चाचेगिरीविरोधी सहकार्याचा करार दोन्ही गुन्ह्यांची व्याख्या वेगवेगळी देतो. त्याचं माहिती केंद्र सिंगापूरला आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे.

पकडण्याइतकंच खटला चालवणंही अवघड असतं. १९९९मध्ये इंडोनेशियातून निघालेलं ‘अलोंड्रा रेनबो’ हे जहाज चाच्यांनी पळवलं, नाव बदलून अरबी समुद्रात आणलं. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने पाठलाग केला, नौदलाच्या ‘प्रहार’ने अडवलं, खटला मुंबईत चालला. पण भारतीय दंडसंहितेत चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता, इतर कलमांवर भागवावं लागलं. २००३मध्ये शिक्षा झाली, २००५मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले. ही उणीव २०२२च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याने भरून काढली. त्यात जन्मठेप आहे आणि कृत्यात कुणाचा जीव गेल्यास फाशीचीही तरतूद आहे. मार्च २०२४मध्ये ‘रुएन’ जहाजावर नौदलाने पकडलेले ३५ सोमाली चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले, तेव्हा हाच कायदा उपयोगी पडला.

मालवणसमोर परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर येऊन जाळी फाडून जातात, त्यालाही हल्ली ‘चाचेगिरी’ म्हणतात. संताप रास्त आहे, शब्द चुकीचा आहे. तिथे ‘घुसखोरी’ किंवा ‘बेकायदा मासेमारी’ लिहावं, आणि जाळ्याच्या नुकसानीचा उल्लेख वेगळा करावा. भरपाईची मागणी त्या नुकसानीवरच उभी राहते.