भर मे महिन्यात, सगळ्या घरासह: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, आम्ही दोघं, नऊ आणि चार वर्षांची मुलं. आमच्या पाच सीटच्या गाडीनं मैसूरला जायचंय. पहाटे निघून रात्री पोहोचू, असं यांचं म्हणणं. जमेल का? (जुळे सोलापूर)

उत्तर: पोहोचाल, पण दुसरा दिवस झोपण्यात जाईल. अंतर सातशे किलोमीटरच्या वर आहे आणि त्यातला निम्मा रस्ता भर उन्हात येतो. सोलापूर ते विजयपूर शंभर किलोमीटर, तिथून इलकल, कुष्टगीवरून होस्पेट आणखी साधारण दोनशे. पहिला मुक्काम होस्पेटलाच करा. पहाटे साडेचारला घर सोडलं तर दोन थांबे घेऊनही साडेअकरापर्यंत तिथं असाल. खोली लवकर मिळेल का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. हंपी चारनंतर बघा. दुपारी तिथल्या दगडांवर अनवाणी पाय टेकवत नाही आणि देवळात चपला काढाव्याच लागतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे निघून चित्रदुर्ग, हिरियूरमार्गे मैसूर, अंतर चारशेच्या आसपास. इलकलच्या साड्या परतीत घ्या. जाताना थांबलात तर दोन तास गेलेच म्हणून समजा!

पाच सीटमध्ये सहा जण बसवू नका. मांडीवरच्या मुलाला बेल्ट नसतो आणि जोरात ब्रेक लागला की त्याला हातानं धरून ठेवता येत नाही. सात सीटची गाडी भाड्यानं घ्या. आजी-आजोबांना मधल्या रांगेत बसवा, मागे गुडघे छातीशी येतात. मागची रांग उघडली की डिकीत फारसं मावत नाही, म्हणून कडक सुटकेसऐवजी कापडी बॅगा घ्या. भाडं ठरवताना रोजचे किमान किलोमीटर (बहुधा ३००), ड्रायव्हरचा भत्ता, टोल आणि परराज्याचा कर कुणाकडे, हे लिहून घ्या. गाडी दिवसभर हंपीत उभी राहिली तरी किमान किलोमीटरचे पैसे लागतातच.

दर दोन तासांनी ज्येष्ठांना पाच-दहा मिनिटं चालवा, पाय लोंबते राहिले की सुजतात. आणखी एक. स्वच्छतागृहाच्या धास्तीनं घरातल्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात त्रासाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. थांबे पेट्रोलपंप आणि मोठी हॉटेलं बघून आधीच ठरवा.

प्रश्न: रेल्वेनं बंगळुरूला जाताना आई-बाबांना दर वेळी वरचा बर्थ मिळतो. वय लिहूनही असं का? (होटगी रोड)

उत्तर: सगळ्या घराचं एकच तिकीट काढता म्हणून. खालच्या बर्थचा कोटा ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी असतो, पण तिकिटावर असे एक किंवा दोघंच प्रवासी असतील तर. सोबत तिसरं नाव आलं की कोटा लागू होत नाही. दोघांचं तिकीट वेगळं काढा. डबा वेगळा येण्याची शक्यता राहते, ती धरून चाला.

आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, पूर्वी १२० होते). हे दिवस गाडी मूळ स्थानकावरून सुटते त्या तारखेपासून मोजतात. कर्नाटक एक्सप्रेस दिल्लीहून आदल्या दिवशी सुटते, त्यामुळे सोलापूरच्या प्रवाशाच्या हिशेबापेक्षा तिचं आरक्षण एक दिवस आधीच उघडतं. उद्यान एक्सप्रेस मुंबईहून त्याच दिवशी येते, तिथं हा घोळ नाही.

प्रश्न: शिदोरीत काय टिकतं? (बाळीवेस)

उत्तर: कडक भाकरी आणि शेंगाचटणी, यांना तोड नाही. भाकरी पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट असताना झाकण लावलं की वाफेनं मऊ पडते आणि मग बुरशी धरते. धपाटे पहिल्या दिवसापुरते, तेही पीठ दह्याऐवजी पाण्या-तेलात मळून. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दहीभात घरीच खा. गाडीच्या उष्णतेत भात सगळ्यात आधी बिघडतो. ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. निम्म्या पाण्यात घट्ट कालवलं तर लहान मुलांना उलट अपाय होतो.

प्रश्न: उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवावी का? (विजापूर रोड)

उत्तर: उलट. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, घर्षणानं आणखी तापते आणि तिथंच फुटते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर पूर्ण भाराचा वेगळा आकडा दिलेला असेल तर तो धरा. हवा पहाटे, टायर गार असताना तपासा. वाटेत तापल्यावर आकडा चार-पाचनं चढलेला दिसेल, तेव्हा हवा सोडू नका. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंकही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी इतका जुना टायर लांब पल्ल्यावर नेऊ नये. स्टेपनीची हवा मात्र हमखास राहून जाते.