१९८६ ला नासाचं चॅलेंजर हे स्पेस शटल (माणसं नेणारं अंतराळयान) फुटलं ते सगळ्या अमेरिकेने खरंच टीव्हीवर लाइव्ह बघितलं होतं का?

नाही, बहुतेकांनी थोड्या वेळाने रिप्ले बघितला. २८ जानेवारी १९८६, मंगळवार, सकाळचे ११:३९, माणसं कामावर, आणि नासाच्या सगळ्या शटल्सची मिळून ती पंचविसावी फ्लाइट म्हणजे नवलाई संपलेली, त्यामुळे मोठे चॅनेल त्या क्षणी लाइव्ह नव्हतेच, सीएनएन तेवढं होतं. मग रिप्ले दिवसभर इतक्या वेळा लागला की लोकांच्या डोक्यात तोच "लाइव्ह" म्हणून बसला. हे नुसतं माझं म्हणणं नाही, एमरी युनिव्हर्सिटीत उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतलं आणि अडीचेक वर्षांनी तेच परत विचारलं. एका स्टुडंटने आधी लिहिलेलं की वर्गात आलेल्या लोकांच्या बोलण्यातून कळलं, नंतर छातीठोकपणे सांगितलं की रूममेटबरोबर टीव्हीसमोर बसलो होतो! ४४ पैकी ११ जणांचं तर काहीच जुळलं नाही.

फक्त एक आहे, तेव्हा शाळेत असलेल्या कोणी "मी लाइव्ह बघितलं" म्हटलं तर लगेच खोटं ठरवू नका, कारण क्रिस्टा मॅकॉलिफ ही शिक्षिका त्या शटलमध्ये होती म्हणून नासाने बऱ्याच शाळांना सॅटेलाइट फीड दिलेलं, आणि तिच्या स्वतःच्या काँकर्डच्या शाळेत तर पोरं पार्टीच्या टोप्या घालून, पिपाण्या घेऊन बसलेली.