प्रदर्शनासाठी बनवलेली गाडी विकण्याऐवजी का कापतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, वाशीच्या प्रदर्शनात पाहिलेली, लाखो रुपये खर्चून बनवलेली गाडी आता कापणार आहेत, मग ती एखाद्या हौशी माणसाला विकत का नाहीत? इतकी कारागिरी कटरखाली जाताना पाहून जीव तुटतो, हे मान्य. तरीही बहुतेक वेळा ती रस्त्यावर न जाणंच योग्य असतं.

आधी ती कशाची बनलेली असते ते बघा. कंपनीची कॉन्सेप्ट गाडी, म्हणजे नवी कल्पना दाखवायला बनवलेला नमुना, बरेचदा असते लोखंडी सांगाडा, वर फोम आणि फायबरचं कवच, काचांच्या जागी ॲक्रिलिक. स्टेजवर चढण्यापुरती विजेची छोटी मोटर, तीसुद्धा असली तर. क्रॅश टेस्ट झालेली नसते, एअरबॅगही नसतात.

गॅरेजात बदललेल्या गाडीची गोष्ट वेगळी. ती मुळात चांगली गाडी असते, पण शोसाठी स्प्रिंग कापतात, एअर सस्पेन्शन बसवायला चासीला खाच घेतात, रुंद टायर मावावेत म्हणून फेंडर कापून फायबरचा फुगवटा चिकटवतात आणि वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारतात. दिव्यांखाली ती देखणी दिसते. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत मात्र ३ मिलिमीटरपेक्षा जाड भरलेली लांबी तडकते. फायबर आणि पत्रा उन्हात सारखे फुगत नाहीत, त्यामुळे जोडाची रेष वर येते. हे निदान डोळ्यांना दिसतं. खरी भीती आतली. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबात बोरॉन स्टील हे खास कडक पोलाद असतं. त्याला वेल्डिंगची उष्णता लागली की तिथली ताकद उतरते, ती गॅरेजात परत आणता येत नाही, आणि रंगाखाली कुणाला कळतही नाही. बाजूने धडक बसली की नेमका तोच खांब आत येतो. असा अपघात झाला तर बोट बनवणाऱ्याकडेच जातं.

कायदाही याच बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये हे ठामपणे सांगितलं. मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अशी नवी मुंबईची एमएच-४३ किंवा ठाण्याची एमएच-०४ गाडी नव्या मालकाच्या गळ्यात मारणं मला तरी पटत नाही.

कधी गाडी बनवणाऱ्याच्या मालकीचीच नसते. कंपन्या विक्रीपूर्व चाचणीच्या गाड्या सजवायला किंवा शिकवायला देतात, त्या पुढे न विकण्याच्या अटीवर. २०१४मध्ये क्रायस्लरने अमेरिकेतल्या कॉलेजांना दिलेल्या डॉज वायपर चिरडायला सांगितल्या, त्या याच जातीच्या. परदेशातून प्रदर्शनापुरत्या आणलेल्या गाडीचं वेगळंच. ती न्हावाशेवा बंदरात उतरते तेव्हा कार्ने या तात्पुरत्या आयातीच्या कागदावर ड्यूटी न भरता येते आणि मुदतीत परत जावी लागते. ठेवून घ्यायची तर भरमसाट ड्यूटी. कस्टम्सच्या परवानगीने, त्यांच्या देखरेखीखाली नष्ट करणं कधी स्वस्त पडतं.

सगळंच कापलं पाहिजे असं माझं म्हणणं नाही. जनरल मोटर्सने १९५०च्या दशकातल्या मोटोरामा प्रदर्शनाच्या काही गाड्या मिशिगनमधल्या एका भंगारवाल्याकडे मोडायला पाठवल्या. त्यातल्या काही तिथेच पडून राहिल्या आणि १९८८मध्ये जो बोर्ट्झ या संग्राहकाने त्या सोडवल्या. १९५५ची शेव्हरोले बिस्केन तर तुकड्यांतून पुन्हा उभी राहिली. संग्रहालयात, इंजिन काढून, नोंदणी रद्द करून ठेवायला काहीच हरकत नसते. जागा आणि निगा राखणारं कुणी हवं, एवढंच.

तुमच्या ओळखीच्या कुणाला अशी गाडी मोडायची असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी सीट, चाकं, म्युझिक सिस्टीम आणि फायबरचे साचे काढून घ्या. साचा टिकला तर डिझाइन टिकतं. मग पेट्रोल, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल उपसा, एसीचा गॅस मशीनने ओढून घ्या, बॅटरी काढा. न फुटलेल्या एअरबॅग गाडी दाबणाऱ्या प्रेसमध्ये फुटतात, त्या जाणकाराकडून आधी निकामी करून घ्या. फायबर वितळत नाही, म्हणून भंगारवाले ते घेत नाहीत आणि मग कुणीतरी ते नाल्याकाठी पेटवतं. त्याचा धूर भयंकर विषारी असतो, असं कुणाला करू देऊ नका. पाणी मारत, मास्क लावून कापा आणि औद्योगिक कचरा घेणाऱ्या अधिकृत सुविधेकडे द्या.

नोंदणी झालेली गाडी असेल तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच न्या आणि सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, घ्या. कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. चासी नंबर असलेला तुकडा केंद्राने तुमच्यासमोर कापून घेतला पाहिजे. तो बाहेर गेला तर चोरीच्या गाडीवर बसतो आणि चौकशी मूळ मालकाच्या दारात येते. शेवटी सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडीची नोंदणी रद्द दिसते का ते तपासा, नाहीतर पुढचे ई-चलान जुन्याच नावावर येत राहतील.