पेरूत अळ्या पडल्यात? बाटली उघडण्याआधी वाचा

मुंबईतल्या गोराई, मनोरी आणि आरेच्या पाड्यांवरून या पावसात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे: पेरू वरून चांगला दिसतो, कापला की आत अळ्या. दुकानदाराने दोन कीटकनाशके आणि टॉनिक एकत्र करून दर आठ दिवसांनी मारायला सांगितले आहे, मारू का?

मारू नका. फळमाशी सालीखाली अंडी घालते आणि अळी गरात वाढते. तिथे फवारा पोहोचत नाही. मरतात त्या मधमाश्या, कोळी आणि ढालकिडे. ते गेले की पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) बळावतो आणि दुकानदार त्यावर तिसरी बाटली काढतो. उधारीवर मिळते म्हणून औषध घेऊ नका. डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुणी 'जुना स्टॉक' म्हणून पुढे केला तरी हात लावू नका.

खरे काम झाडाखाली आहे. पडलेले फळ रोज वेचा. अळी त्यातूनच मातीत उतरते, कोष करते आणि नवी माशी होऊन वर येते. वेचलेली फळे दोन फूट खोल पुरा, नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. शेणखताच्या ढिगावर टाकू नका, शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे तर नाहीच. झाडाभोवतीच्या आळ्यातली माती अधूनमधून हलवा, कोंबड्या असतील तर मोकळ्या सोडा.

सापळा पेरू, आंबा, चिकूसाठी मिथाइल युजेनॉलचाच हवा; त्याच्या वासाने नर माशी ओढली जाते. मांडवावरच्या दुधी-काकडीच्या माशीचे आमिष, क्यू ल्यूर, वेगळे. दुकानात जो शिल्लक असेल तो गळ्यात मारतात, म्हणून पाकिटावरचे नाव वाचूनच पैसे द्या. एकरी ४ सापळे, सावलीत टांगा, आणि फळ पिकायला लागण्याआधी. माश्या दिसू लागल्यावर टांगलात तर उशीर झाला. सापळ्यात फक्त नर अडकतात, शेजारच्या वाडीतून मादी येतच राहते, त्यामुळे एकट्याच्या वाडीत लावून भागत नाही. अख्ख्या पाड्याने एकाच आठवड्यात लावा.

माझा सर्वात जास्त भरवसा मात्र पिशवीवर आहे. पेरू लिंबाएवढा झाला की नॉनवोवन (न विणलेल्या कापडाची) पिशवी चढवा, पावसात वर्तमानपत्र टिकत नाही. आंब्याला अंड्याएवढ्या फळावर वर्तमानपत्राची पिशवी चालते. वाडी पन्नास झाडांची असेल तर घरची माणसे हे सहज उरकतात, आणि फळावर औषधाचा थेंबही पडत नाही.

काहींनी आंब्याच्या मोहरावरच्या तुडतुड्यांचेही विचारले आहे. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के १० लिटर पाण्याला ३ मिली, बस्स. झाकणाने मोजू नका. झाकणात किती मावते ते कुणालाच ठाऊक नसते. जास्त घातल्याने तुडतुडा जास्त मरत नाही. मोहर पूर्ण फुललेला असताना फवारूच नका, परागीकरण करणारे कीटक मेले तर फळ धरणार कुठून? पंप विहिरीवर, खाडीत किंवा कोळंबीच्या तळ्यात धुऊ नका.

नव्या लागवडीसाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर करा. अनुदान तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असे येते, सातबारा स्वतःच्या नावावर लागतो. सापळे-पिशव्यांसाठी अनुदानाची वाट पाहत बसू नका.

बाटल्या आधीच आणल्या असतील तर सील न फोडता पावतीसह परत करा. पावती दिली नसेल तर आजच मागा.