पुराने नाही, ट्रेने घात केला

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. मिरजेच्या वॉर्डात पक्षाघाताच्या रुग्णांचं रक्त घ्यायचं, सांगलीच्या लॅबमध्ये होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल, ते वाढलं की पक्षाघाताशी संबंध जोडला जातो) मोजायचं, निरोगी गटापेक्षा आकडे भलतेच वर, आणि गाईड म्हणतायत पेपर पाठवून दे. तुम्हाला मात्र शंका येतेय. ती शंका सोडू नका.

२०१९ च्या पुरात माझी पीएचडी वाहून गेली असं मी कित्येक दिवस सांगत होते. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, वीज गेली, उणे ऐंशीचा फ्रीझर बंद पडला, हे सगळं खरंच आहे. सांगलीकराने पुराचं नाव घेतलं की पुढे कुणी खोलात जात नाही. पण प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून रक्ताचा उरलेला पातळ भाग, एकदा वेगळा काढला की होमोसिस्टीन काही दिवस तरी तसंच टिकतं. माझे नमुने त्याआधीच, वॉर्डातल्या ट्रेमध्ये बिघडले होते.

निरोगी गट म्हणजे आमच्याच लॅबमधली माणसं आणि त्यांचे नातेवाईक. रक्त काढलं की दहा मिनिटांत स्पिन, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून पेशी वेगळ्या. रुग्णांचं रक्त सिस्टर सकाळी सातला काढायच्या, ते राऊंड संपेपर्यंत ट्रेमध्ये पडून, मग मी गाडीवरून विश्रामबागमार्गे आणायची. कधी दोन तास, कधी चार. नळीतल्या तांबड्या पेशी जिवंतच असतात, त्या होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. साध्या तापमानाला तासाला साधारण १० टक्के वाढ धरा. म्हणजे लिटरला १२ मायक्रोमोलवाला धडधाकट माणूस चार तासांत सोळा-सतरावर जातो, आणि आपण १५ च्या वर गेला म्हणून त्याला आजारी ठरवतो. मी मेंदूचा आजार मोजतच नव्हते, मिरज-सांगली रस्ता मोजत होते.

वॉर्डात ठेवायला एक छोटा सेंट्रिफ्यूज आणि बर्फाचा डबा मागितला होता. फाईल तीनदा परत आली. एकदा ‘या शीर्षाखाली तरतूद नाही’, एकदा सही चुकीच्या रकान्यात, तिसऱ्यांदा तोपर्यंत कोटेशन जुनं झालं म्हणून. कार्यालयाचं नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात. पण खरं सांगू? बर्फाला फाईल लागत नव्हती. स्टँडजवळच्या रसवंतीवाल्याने वीस रुपयांत थर्मास भरून दिला असता. मंजुरी आली की करू म्हणत मी वर्ष घालवलं, ते माझ्यावरच.

बरं, मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, बायोकेमिस्ट्रीवाली आहे, तेव्हा रुग्णनिवडीबद्दल तुमच्या डॉक्टरांचं ऐका. नमुन्यांबद्दल मात्र माझं ऐका. जांभळ्या टोपणाची (ईडीटीए) नळी, लगेच बर्फात, तासाच्या आत स्पिन, आणि प्रत्येक नळीवर दोन वेळा लिहायच्या: रक्त काढल्याची आणि स्पिन केल्याची. मी या वेळा लिहिल्या नव्हत्या, म्हणून काहीच वाचवता आलं नाही. दोन्ही गटांचे नमुने एकाच पद्धतीने हाताळलेले नसतील तर नंतर कुठलीही आकडेमोड करून ते दुरुस्त होत नाहीत, स्टॅटिस्टिक्सवाले काहीही म्हणोत.

अजून एक, विषय जरा सोडून. बी-१२ कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं, आणि आपल्याकडे बी-१२ ची कमतरता घरोघरी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून आसपासच्या गावांत जो माता-पोषणाचा अभ्यास केला, त्यातही ती ठळक दिसली. म्हणजे तुमचा ‘निरोगी’ गटसुद्धा मुळात वरच असू शकतो. ‘ताकदीची सुई’ (बहुतेकदा बी-१२ चंच इंजेक्शन) कधी घेतली, हे प्रत्येकाला विचारा. नुसतं ‘औषध चालू आहे का’ विचारलं तर लोक नाही म्हणतात, सुई त्यांच्या लेखी औषधच नसते. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी, तिने बी-१२ कमी होऊ शकतं) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी, ते बिघडलं तरी होमोसिस्टीन वाढतं) हेही नोंदवा.

आता आहेत त्या नमुन्यांचं काय? वॉर्डातल्या सिस्टरांच्या नोंदवहीत रक्त काढल्याची वेळ सापडू शकते, आधी ती बघा. आणि गाईडना तोंडी पटवायला जाऊ नका. लॅबमधल्या आठ-दहा जणांचं रक्त दोन-दोन नळ्यांत घ्या (एथिक्स कमिटीला एक ओळ कळवून). एक नळी बर्फात ठेवून लगेच स्पिन करा, दुसरी तीन तास टेबलावर राहू द्या. दोन्हींचे आकडे शेजारी-शेजारी लिहून कागद त्यांच्यापुढे ठेवा. पेपर पाठवायच्या आधी.